श्रेणिकचा नियम

आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी तोंडात घास घालत नव्हतं. जैनाचं घर, त्यातून अण्णा, म्हणजे आमचे वडील, नेमधर्माचे पक्के. कसबा बावड्यात कारखान्याच्या अलीकडं आमचं घर आणि मागं ऊस. संध्याकाळचा भोंगा झाला की अव्वा परड्यातनं एकच हाक मारायची आणि जो जिथं असेल तिथनं हात धुवायला पळायचा. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, कारण तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. ज्वारीची भाकरी, दोडका नाहीतर वरण्याच्या शेंगा, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर ताक. कांदा, लसूण, बटाटा यांना उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. दर रविवारी शेजारच्या घरातनं तांबड्या रश्श्याचा वास यायचा. अण्णा उठून खिडकी लावायचे आणि त्यांची पाठ वळली की माझा धाकटा भाऊ श्रेणिक ती हळूच उघडायचा. खायचा मात्र कधीच नाही. वास घेतला तर काय पाप लागत न्हाय, असं त्याचं म्हणणं. जेवणं उरकली की अव्वा घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधून पाणी गाळायला बसायची, आणि ते पाणी पडल्याचा बारीक आवाज ऐकत आम्ही अभ्यासाचं सोंग करायचो.

आमचा थोडा ऊस अण्णा गुऱ्हाळाला घालायचे, त्यामुळं वर्षाच्या गुळाची ढेप घरचीच. मला गुळाचं खूळ होतं. भाकरीबरोबर गूळ, पोह्याबरोबर गूळ, काही नसलं तर नुसता गूळ. श्रेणिक म्हणायचा, आक्काला नवरा बघू नका, एक ढेप बघा आणि लावून द्या लग्न. हल्ली कुणाकडं गेलं आणि गुळाचा चहा नको म्हटलं की लोक लगेच विचारतात, साखर आहे का तुम्हाला? मी हो म्हणून मोकळी होते. खरं कारण सांगायचं तर श्रेणिकबद्दल सांगावं लागतं, आणि आमच्याकडचा नियम म्हणजे काय तेही सांगावं लागतं. नियम म्हणजे महाराजांसमोर, आमच्या मुनींसमोर, हात जोडून एखादी गोष्ट नाव घेऊन सोडायची. एकदा नाव घेतलं की ती गोष्ट सुटली. नऊ वर्षांचा असताना श्रेणिकनं असाच वर्षभर बोरं न खाण्याचा नियम घेतला होता. पोरांनी त्याला धरून तोंडात बोर कोंबलं, तर ह्यानं ते थुंकून विहिरीवर जाऊन चार वेळा चूळ भरली. आणि त्याच आठवड्यात शाळेपुढच्या गाडीवर मजेत बोरकूट खाताना मी त्याला पकडलं. मी विचारलं, काय रे हे? तर म्हणतो, बोर म्हटलंतं, बोरकूट कुठं म्हटलंतं? असा तो. जेवढं नाव घेतलं तेवढं जिवाच्या करारानं पाळणार, त्याच्या पलीकडचं सगळं मोकळं.

हातात काही आलं की तो चित्र काढायचा. कोळशानं भिंतीवर, खडूनं फरशीवर, बेंदराला बैलांच्या शिंगांवर तर आख्ख्या गल्लीचे बैल त्याच्याकडं यायचे. बारावीत दांडी उडाल्यावर स्टँडजवळच्या एका पेंटरकडं नंबरप्लेटी रंगवायला लागला. ट्रकच्या मागं वाघ, मोर, पळता घोडा. मग एकदा जोतिबाच्या यात्रेत बॅटरीवर गोंदणाऱ्या एका म्हाताऱ्यापाशी दिवसभर बसून राहिला आणि येताना त्याची जुनी मशीन घेऊनच आला. पेंटरच्या शेजारी पत्र्याच्या खोक्यात दुकान थाटलं. बाहेर पाटी, श्रेणिक टॅटू, आणि त्या टॅटूतल्या दोन्ही टांच्या शेपट्या वेलीसारख्या वळवलेल्या. तेव्हा कोल्हापुरात टॅटू हा शब्द नवा होता. कॉलेजची पोरं दंडावर वाघ काढून घ्यायला रांग लावायची. अण्णांचं मात्र डोकं फिरलं. आम्ही मुंगी मरू नये म्हणून पाणी गाळून पितो आणि हा सुईनं माणसाचं रक्त काढायलाय, एवढं म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच पंगतीला बसायचे, पण चटणी हवी असली तरी माझ्यामार्फत मागायचे. मी दोघांच्या मधे बसून वैतागायची.

ही कोंडी अव्वानं फोडली, आणि तीही अण्णांना एक शब्द न बोलता. तिच्या डाव्या हातावर लहानपणचं गोंदण होतं, मनगटापासून वर गेलेली एक वेल आणि शेवटी पाच ठिपके. तिच्या आईनं गावच्या गोंदणारणीकडून काढून घेतलेलं. इतकं फिकं झालं होतं की उन्हात धरलं तरच दिसायचं. एका दुपारी अण्णा पेपर वाचत सोप्यात बसले होते. अव्वा त्यांच्या समोरच पाटावर बसली, बाही वर केली आणि श्रेणिकला म्हणाली, आण तुझी मशीन. श्रेणिकनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पेपर आणखी वर धरला. मग तो खरंच मशीन घेऊन आला, हात धुतले, अव्वाचा हात मांडीवर घेतला आणि जुन्या रेघेवरनं सुई चालवायला लागला. मशीनची ती भुणभुण घरभर भरून राहिली होती. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. जीभ थोडी बाहेर, श्वास रोखलेला, आणि हात असा थांबलेला की त्यावर पाण्याची वाटी ठेवली असती तरी हिंदकळली नसती. शेवटचा ठिपका झाल्यावर अव्वा साकु म्हणाली, म्हणजे पुरे, आणि हात वळवून वळवून बघत राहिली. माझ्या आईनं दिलेलं परत आणलंस रे, म्हणाली आणि तिथंच डोळे पुसले. पेपरामागनं अण्णा म्हणाले, "हळद लाव त्याला." किती महिन्यांनी ते त्याच्याशी बोलले होते. त्या दिवसापासून चटणी मागायची माझी हमाली संपली.

हे असंच चाललं असतं तर मी हे प्रकरण लिहायलाच बसले नसते. शाहूवाडीकडच्या एका जत्रेला मशीन घेऊन तो मित्राच्या गाडीवरनं निघाला होता, मलकापूरच्या अलीकडं वळणावर गाडी घसरली. मशीनची पेटी ह्यानं छातीशी धरून ठेवली म्हणून पेटी वाचली आणि उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, दुखणं काही जाईना. दुखलं की इंजेक्शन द्यायचे. आधी डॉक्टर देत होते, मग गल्लीतला कंपाउंडर घरी येऊन द्यायचा, मग श्रेणिक म्हणाला, त्याला कशाला त्रास, सुई धरणं हाच माझा धंदा हाय की. आम्ही हसलो. आता ह्याला काय म्हणायचं? आमच्या घरात व्यसन म्हणजे दारू, फार तर तंबाखू, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मांस. इंजेक्शन म्हणजे औषध. पोरगं इंजेक्शन घेतंय म्हणून अव्वा त्याच्या भाकरीवर दोन चमचे तूप जास्त वाढायची. आजकालच्या पोरींना हे सांगितलं तर त्या माझ्याकडं खुळी आहे अशा नजरेनं बघतात. पण ज्या घरात उभा जन्म कुणी चहापलीकडं काही घेतलं नाही, त्या घराला कसं कळणार होतं, सांगा.

कळलं ते मला, आणि कळलं ते वेलीमुळं. त्यानं स्वतःच्या डाव्या हातावर कोपरापासून खाली अव्वासारखीच एक वेल काढायला घेतली होती. मला वाटलं, हौस. पण ती वेल वाढत चालली. दर आठ दिवसांनी एक नवं पान, कधी दोन. एका दुपारी दुकानात डबा घेऊन गेले तर तो खुर्चीतच झोपलेला, हात पसरलेला, आणि एका कोवळ्या पानाच्या खाली मला सुईची खूण दिसली. मग दुसऱ्या पानाखाली, तिसऱ्या. प्रत्येक खुणेवर त्यानं एक पान काढलं होतं. शाईच्या डब्यामागं रिकाम्या काचेच्या कुप्यांनी भरलेली पिशवी सापडली. मी त्याला गदागदा हलवून उठवलं आणि पिशवी पुढं धरली. तो खोटं बोलला नाही. इंजेक्शन घेतलं नाही की हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, आणि गावातले दुकानदार आता द्यायला का-कू करतात म्हणून तो कधी आजऱ्याला, कधी मलकापूरला जाऊन आणतो, हे सगळं त्यानं खाली मान घालून सांगितलं. खांदा दुखायचा केव्हाच थांबला होता. मी त्याला एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तो गाल चोळत म्हणाला, "आक्का, मला सुटायचं हाय. नियम घ्यायला लाव मला. महाराजांपुढं नाव घेऊन सोडलं की मी मोडत न्हाय, तुला ठाऊक हाय. पर माझ्या तोंडातनं ते नाव येत न्हाय. तू घे."

त्या वर्षी चातुर्मासाला महाराज आमच्याच मंदिरात मुक्कामी होते, आणि अव्वाच्याही डोक्यात नियमाचं घोळत होतं. श्रेणिक दिवस मावळल्यावर घरी यायला लागला होता, ताट तसंच राहायचं, डोळे तारवटलेले. ती रोज त्याच्या तोंडाचा वास घ्यायची आणि वास येत नाही म्हणून आणखीच घाबरायची. पोरगं दारू पितंय आणि वर काहीतरी खाऊन वास घालवतंय, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. एका रविवारी सकाळी ती आम्हाला दोघांना घेऊन मंदिरात गेली. अण्णा आधीच पुढं बसले होते. आता इथं मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच महिन्यात मला जयसिंगपूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर चांगलं, त्यांच्याकडनं होकार जवळजवळ आलेला. आणि बायकांच्या रांगेत, माझ्यापासून दोन हातांवर, त्या मुलाची मावशी बसली होती. आमचं घर कसं आहे ते बघायलाच आली असणार. महाराजांनी श्रेणिकला विचारलं, काय सोडतोस बाळ? त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. आज लिहिताना सहज लिहिते, इंजेक्शन. चार अक्षरं. त्या सकाळी ती जिभेवर आली होती. मावशीनं मान उंच करून माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणाले, "दारू, तंबाखू आणि मांस."

ह्यातलं एकही त्यानं जन्मात कधी तोंडाला लावलं नव्हतं. तो माझ्याकडं बघून थोडासा हसला. ते हसणं रागाचं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडले, महाराजांनी मोराच्या पिसांची पिंछी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि माझा भाऊ त्याला नसलेल्या तीन व्यसनांतून आयुष्यभरासाठी सुटला. आमच्याकडं अशी रीत होती की दुसऱ्याला नियम घ्यायला लावणाऱ्यानं आपणही काहीतरी सोडायचं. महाराजांनी माझ्याकडं बघून विचारलं, आणि तुम्ही? मी म्हणाले, गूळ. किती दिवस? मी म्हणाले, ह्याचं बरं होईपर्यंत. सगळ्यांना वाटलं खांद्याबद्दल बोलतेय. मावशीनं कौतुकानं मान हलवली. होकार चार दिवसांत आला.

नियम त्यानं पाळला हो. मित्रांच्या लग्नाच्या वरातीत बाटली पुढं आली तर तो म्हणायचा, माझा नियम हाय, भावा. पेंटर ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. अव्वाला झोप लागायला लागली. आणि वेल मात्र कोपर ओलांडून दंडाकडं चढत होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, माझ्या हातावर अव्वासारखं गोंदून दे, सासरी जाताना माहेरचं काहीतरी बरोबर असू दे. खरं तर मला त्याच्याजवळ बसायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच सोप्यात, त्याच पाटावर बसलो. वेल झाली, पण अर्ध्यातच तिची रेघ हलली. त्यानं मशीन उचलली, श्वास घेतला, परत टेकवली. एक ठिपका, दोन, तीन. मग मशीन बंद करून खाली ठेवली. त्याचा हात थरथरत होता आणि तो दुसऱ्या हातानं तो दाबून धरत होता. दोन ठिपके राहिलेत, माहेरपणाला आलीस की पुरे करतो, म्हणाला. तेव्हा त्यानं मला विचारलं, अगदी साधेपणानं, जशी वेळ विचारावी तसं.

"आक्का, तवा नाव का घेतलं न्हाईस?"

मी म्हणाले, लग्न होऊ दे, मग जाऊ परत महाराजांकडं. तो बरं म्हणाला. पण चातुर्मास संपला तशी महाराजांची पावलं पुढच्या गावाकडं निघाली, ते पायी निघाले की कुणासाठी थांबत नाहीत. आणि मी नव्या घरात, नव्या माणसांत रमले. माणूस चांगला मिळाला मला, कधी वर आवाज केला नाही. तक्रार करायला जागा नाही, हेच मला इतकी वर्षं खुपतंय. मी ठरवलं असतं तर एस.टी. पकडून महाराज असतील त्या गावाला त्याला घेऊन गेले असते. डॉक्टरांकडंही नेता आलं असतं. तेव्हा ते सुचलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. नवऱ्याला कारण काय सांगायचं, इथं अडलं होतं.

पौषात एका दुपारी सासरी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, लगेच या. पेंटर त्याला चहाला बोलवायला गेला तर तो खुर्चीत तसाच होता, हात पसरलेला. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. अण्णांनी ते घरात कुणाला सांगितलं नाही. बारा दिवस ते सोप्यात बसून राहिले आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिले, "दारूचा थेंब घेतला न्हाय माझ्या पोरानं. नियम हुता त्याला. मोडला न्हाय." लोक माना डोलवायचे, पोरगं गुणी होतं म्हणायचे. खरंच होतं ते. मी आत भिंतीला टेकून ऐकायची आणि मला वाटायचं, बाहेर जावं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगावं की तो मोडलाच नसता, कुठलाही मोडला नसता, फक्त मी नाव घ्यायला पाहिजे होतं. गेले नाही. अण्णा जाईपर्यंत गेले नाही.

आत्ता मधे, इतक्या वर्षांनी, नणंदेच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, मला राजारामपुरीतल्या एका टॅटू स्टुडिओत नेलं होतं. तिथल्या मुलीनं माझा हात बघून विचारलं, काकू, रेघ हललीय, सरळ करून देऊ? आणि असे पाच ठिपके असतात, राहिलेले दोन घालून टाकू, पाच मिनिटांचं काम. तिचा हात छान थांबलेला होता. मी नको म्हटलं आणि भाचीचं होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले.

श्रेणिकचा तेरावा झाला त्या दिवशी पाव्हणेरावळे गेले आणि घर रिकामं झालं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. अव्वा मागनं आली, फडताळातला गुळाचा डबा काढला, एक खडा फोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तिची बाही वर सरकली होती, हातावरची हिरवी वेल ठसठशीत दिसत होती.

"खा आता," ती म्हणाली. "झालं त्याचं बरं."

तिला किती ठाऊक होतं ते मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. खडा हाताच्या घामानं चिकट व्हायला लागला तशी मी तो परत डब्यात ठेवला. बाहेर भोंगा झाला. तिनं डब्याचं झाकण लावलं, दोरीवरचं पांढरं फडकं ओढून घेतलं आणि पाणी गाळायला बसली.